घंटा, दार, जिना

फायर अलार्म वाजतो तेव्हा पहिलं अर्धं मिनिट बहुतेक माणसं जागची हलत नाहीत. एकमेकांकडे बघतात, कुणीतरी "टेस्टिंग चालू असेल" म्हणतं आणि सगळे परत कामाला लागतात. इमारतींमध्ये मॉक ड्रिल घेताना आम्ही मजल्यामजल्यावर निरीक्षक उभे करतो. त्यांच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा येणारी नोंद हीच. आग लागली की लोक सैरावैरा धावत सुटतात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते उशिरा निघतात. फाईल सेव्ह करतात, चार्जर गुंडाळतात, पर्स शोधतात, खरंच काही झालंय का हे पाहायला खिडकीतून डोकावतात. निघण्याआधीचा हा वेळ जिना उतरायला लागणाऱ्या वेळेपेक्षाही पुष्कळदा जास्त भरतो.

या वेळेची किंमत कळायला एक चाचणी पुरेशी आहे. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेने दोन खोल्या पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान होतं, दुसरीत फोमचे सोफे, सिंथेटिक पडदे, म्हणजे आज घरोघरी असतं तसं फर्निचर. जुन्या खोलीत सगळं एकदम पेटायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. नव्या खोलीत तेच चार मिनिटांच्या आत घडलं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. छताखाली साठलेल्या धुराचं तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या घरात गेलं की त्याच्या नुसत्या धगीने खोलीतली उरलेली प्रत्येक वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेते. मग पूर्ण पोशाख आणि श्वसनयंत्र घातलेला अग्निशमन दलाचा जवानसुद्धा त्या खोलीत टिकू शकत नाही. त्यामुळे घंटा वाजली की निघायचं. ती खरी की खोटी हे खाली, मोकळ्यावर उभं राहून ठरवता येतं.

माणसं जळून मरतात त्याहून जास्त धुराने मरतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. फोम आणि काही सिंथेटिक कापडं जळताना त्यात हायड्रोजन सायनाइड या विषारी वायूची भर पडते. आधी डोकं जड होतं, मग विचार अडखळतो. दाराची कडी समोर दिसत असूनही ती कशी काढायची हे सुचत नाही. हातपाय चालत असतानाच डोकं चालेनासं होतं, म्हणून काय करायचं ते आधी पाठ असावं लागतं. तिथे उभं राहून ठरवू म्हणणाऱ्याला तेवढं भान राहीलच असं नाही.

झोपेत धोका आणखी वाढतो. धुराच्या वासाने जाग येईल यावर कुणीही विसंबू नये. जाग येते ती आवाजाने, आणि तोही पुरेसा मोठा हवा. झोपायच्या खोलीत उशीपाशी निदान ७५ डेसिबल आवाज पोचावा, हा सर्वसाधारण दंडक आहे. पॅसेजमधली घंटा दोन बंद दारांमागे तेवढी पोचत नाही, म्हणून प्रत्येक झोपायच्या खोलीत धूरसूचक यंत्र बसवायचं. महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून बघायचं आणि यंत्र १० वर्षांचं झालं की आवाज येत असला तरी बदलायचं, कारण आतला सेन्सर तोवर मंदावलेला असतो. लहान मुलांबद्दल एक गोष्ट पालकांना खरी वाटत नाही, पण ती चाचण्यांमध्ये वारंवार दिसली आहे. मुलं नेहमीच्या अलार्मने पुष्कळदा उठतच नाहीत. तेव्हा कोणत्या मुलाला कुणी उचलायचं, हे घरात आधीच ठरलेलं असावं. शिवाय घाबरलेलं मूल पलंगाखाली किंवा कपाटात दडून बसतं. शोधायची वेळ आली तर आधी तिथे हात घालायचा.

आता दार. या लेखातला निम्मा जीव दारात आहे.

खोलीचं दार बंद असेल तर ते आधी हाताच्या मागच्या बाजूने तपासायचं. खालून वर जायचं, मग कडी आणि चौकटीची फट. तळव्याऐवजी मागची बाजू वापरायची कारण तिथली त्वचा उष्णता लवकर ओळखते, आणि चटका बसलाच तरी पुढे कठडा धरायला तळवा शाबूत राहतो. दार गरम लागलं किंवा फटीतून धूर आत ओढल्यासारखा येत असेल तर ते उघडायचं नाही. थंड असेल तर एका बाजूला सरकून, खांदा दाराला टेकवून, वीतभर उघडायचं. पलीकडून धग किंवा दाट धूर आला तर त्याच खांद्याने ते लगेच परत लोटता येतं. हे सगळं करायला पाच-सहा सेकंद लागतात.

बाहेर पडलात की दार मागे ओढून घ्यायचं. कुलूप लावायचं नाही, नुसतं लोटून लॅच लागल्याचा आवाज ऐकायचा. किल्ली खिशात हवी, कारण पुढचा रस्ता बंद निघाला तर याच खोलीत परत यावं लागेल. आग तुमच्याच घरात लागली असेल तर हे दार ओढणं बाकीच्या सगळ्या गोष्टींहून महत्त्वाचं आहे. बंद दारामुळे आगीला हवा मिळत नाही आणि धूर पॅसेजमध्ये, तिथून जिन्यात जात नाही. साधं लाकडी दारसुद्धा धग आणि धूर काही मिनिटं थोपवतं. जळत्या पॅसेजला लागून असलेल्या दोन खोल्यांपैकी एकीचं दार उघडं आणि दुसरीचं बंद ठेवून घेतलेल्या चाचण्यांत शेकडो अंशांचा फरक आढळला आहे.

९ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या एका १९ मजली इमारतीत खालच्या मजल्यावरच्या घरात हीटरमुळे आग लागली. आग त्या घराच्या आणि त्यासमोरच्या पॅसेजच्या पलीकडे फारशी गेली नाही, तरी १७ माणसं गेली आणि त्यातली ८ मुलं होती. आपोआप बंद व्हायला हवं होतं ते घराचं दार उघडंच राहिलं आणि वरच्या एका मजल्यावर जिन्याचं दारही उघडं होतं. ज्वाळा पोचल्याच नाहीत अशा मजल्यांवर आणि जिन्यात माणसं धुराने गेली. ड्रिलनंतरच्या बैठकीत "दार लावत बसायचं की जीव वाचवायचा?" असं कुणीतरी हटकून विचारतं. त्यावर आम्ही ही हकीकत सांगतो. ओढून घेतलेलं दार वरच्या मजल्यावरच्या अनोळखी माणसांचा जीव वाचवतं.

दार आपोआप बंद होणं हे वरच्या पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या डबीवर, म्हणजे डोअर क्लोजरवर अवलंबून असतं. त्यात बहुधा दोन स्क्रू असतात. एक दार फिरण्याचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या टप्प्यातला, लॅच लागतानाचा वेग. दार आपटतं अशी तक्रार आली की कुणीतरी दुसरा स्क्रू आवळून ठेवतं. मग दार चौकटीपर्यंत येतं, पण लॅचला अडून बोटभर उघडं राहतं. लांबून ते बंद दिसतं, मात्र आगीतल्या गरम हवेचा दाब त्याला अलगद ढकलून देतो. तपासायची रीत सोपी आहे. दार पूर्ण उघडून सोडा, मग वीतभर उघडून सोडा. दोन्ही वेळा हात न लावता 'खट्' असा आवाज यायला हवा. दुसऱ्या चाचणीत बरीच दारं नापास होतात.

फायर डोअरच्या, म्हणजे आग-धूर रोखायला बनवलेल्या दाराच्या कडेला दोन प्रकारच्या पट्ट्या असतात हेही पाहून ठेवावं. एक पट्टी साधारण २०० अंशांच्या आसपास फुगून फट बुजवते. पण धूर त्याआधीच, थंड असताना, पसरायला लागतो आणि त्याला अडवते ती ब्रशसारखी किंवा रबरी पट्टी. रंगकाम करताना हीच पट्टी रंगाने थापली जाते किंवा उचकटून टाकली जाते. दाराला लाकडी पाचर, वीट, कुंडी किंवा अग्निशामकाचं नळकांडं लावून ते उघडं ठेवलेलं तर आम्हाला जवळपास प्रत्येक इमारतीत सापडतं. हवा खेळती राहावी म्हणून केलेली ही सोय आहे, आणि आगीच्या दिवशी तिथूनच धूर जिन्यात शिरतो.

पॅसेजमध्ये धूर असेल तर वाकायचं, दाट असेल तर रांगायचं. जमिनीपासून ३० ते ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यात हवा त्यातल्या त्यात बरी आणि थंड असते. पालथं पडून पोटावर सरपटायचं नाही, कारण जड विषारी कण अगदी फरशीलगत बसू शकतात आणि तसं सरकायला वेळही लागतो. एक हात भिंतीला लावून ठेवायचा आणि तो सोडायचा नाही. मोबाईलचा टॉर्च डोळ्यांच्या उंचीला धरला तर प्रकाश धुरात विखरून समोर पांढरी भिंत उभी राहते. तो खाली, फरशीवर तिरका धरायचा. हिरवी एक्झिट पाटी छतालगत असते आणि धूर आधी तिथेच साठतो, तेव्हा ती दिसेल यावर भिस्त ठेवू नये. दारं मोजून ठेवणं जास्त खात्रीचं. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत डाव्या हाताला किती दारं लागतात, वळण कुठे आहे, जिन्याचं दार ओढायचं की ढकलायचं, हे एकदा डोळे मिटून चालून पाहावं. हॉटेलात उतरलात की सामान ठेवल्यावर लगेच हे करा. दोन मिनिटांत होतं.

ओल्या कापडाबद्दल गैरसमज फार आहे. नाकातोंडावर ओला रुमाल धरल्याने काजळीचे कण आणि काही झोंबणारे वायू थोडे अडतात, खोकला कमी होतो, डोकं ताळ्यावर राहायला मदत होते. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यातून सरळ जातो. रुमाल हाताशी असेल तर वापरा. तो भिजवायला स्वयंपाकघरात परत जाऊ नका, आणि रुमाल आहे म्हणून दाट धुरात शिरू नका.

लिफ्ट वापरू नका हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कारण ठाऊक नसलं की ऐनवेळी "दोनच तर मजले" म्हणत माणूस बटण दाबतो. लिफ्टचा शाफ्ट इमारतभर उभा असतो आणि आगीत त्याचं धुराडं होतं. उष्णतेने बटण बिघडून किंवा आगीच्या मजल्यावरून कुणी बोलावल्यामुळे लिफ्ट नेमकी तिथेच थांबू शकते. दाराच्या सेन्सरपुढे दाट धूर आला की त्याला समोर माणूस उभा आहे असं वाटतं आणि दार मिटतच नाही. वर आग विझवायला मारलेलं पाणी शाफ्टमध्ये उतरतं, वीज जाते आणि आत अडकलेल्यांचा ठावठिकाणा कळायला वेळ लागतो. फायर लिफ्ट वेगळी असते आणि ती दलाचे जवान स्वतः चालवतात.

जिन्यात शिरल्यावर खाली जायचं. गच्चीकडे धावण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण धूरही वरच चाललेला असतो आणि गच्चीचं दार बहुतेक वेळा कुलूपबंद असतं. २१ नोव्हेंबर १९८० रोजी लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलला लागलेली आग तळमजल्यावर होती. ८५ जण दगावले, त्यातले बहुतेक कितीतरी वरच्या मजल्यांवर, कारण धूर लिफ्टच्या शाफ्टमधून, जिन्यांतून आणि इमारतीच्या जोडफटींतून वर गेला. काही जण जिन्यात शिरले, पुढे धूर पाहून मागे वळले, तर आतून न उघडणारी दारं त्यांच्यामागे लागलेली होती. तुमच्या इमारतीतल्या जिन्याची दारं जिन्याच्या बाजूने कुठल्या मजल्यांवर उघडतात, हे आज संध्याकाळीच पाहून घेण्यासारखं आहे.

उंच इमारतींमध्ये जिन्यात पंख्याने हवा भरून दाब वाढवलेला असतो. सगळी दारं बंद असताना तो पॅसेजपेक्षा साधारण ५० पास्कल (दाबाचं एकक) जास्त ठेवतात, म्हणजे फटीतून हवा जिन्यातून पॅसेजकडे जाते आणि धूर उलटा आत येऊ शकत नाही. दोन-तीन मजल्यांवर दारं पाचर लावून उघडी असली की हा दाब कोसळतो. पंखा चालू असतो, आवाज येत असतो, उपयोग मात्र शून्य. ड्रिलमध्ये आम्ही जिन्याच्या दाराच्या फटीशी कागदाची पट्टी धरतो. पट्टी पॅसेजकडे फडफडली पाहिजे. लटकत राहिली तर कुठेतरी दार उघडं आहे, किंवा पंख्यासमोरची हवेची झडप बंद आहे.

उतरताना एका बाजूने, कठडा धरून, एका ओळीत उतरावं. दुसरी बाजू वर येणाऱ्या जवानांसाठी मोकळी ठेवायची. त्यांच्या पाठीवर श्वसनयंत्र आणि खांद्यावर होज असतो, जागा लागते. बोलत, व्हिडिओ काढत उतरणारा एक माणूस मागच्या सगळ्यांना थांबवतो. उंच टाचेच्या चपला काढून टाका, पण हातात धरा, खाली काचा असू शकतात. लहान मूल कडेवर घ्या, बोट धरून चालवू नका. मोकळ्या जिन्यात एका मजल्याला साधारण १५ ते २० सेकंद लागतात. गर्दीत हा वेळ सहज दुप्पट होतो आणि १० मजल्यांनंतर गुडघे बोलायला लागतात. उतरता उतरता खालून धूर येताना दिसला तर त्यातून रेटून जायचं नाही. जवळच्या मजल्यावर बाहेर पडून दुसरा जिना गाठायचा. तोही धुराने भरलेला असेल तर एखाद्या खोलीत शिरून दार बंद करायचं.

दुसरा जिना कुठे आहे हे बहुतेकांना सांगता येत नाही. माणूस आत आला त्याच वाटेने बाहेर जाऊ पाहतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबला आग लागली, तेव्हा इतर दारं असूनही बहुतेक लोक पुढच्या दाराकडेच वळले. दोन मिनिटांच्या आत त्या दारात माणसं एकावर एक अडकून वाट बंद झाली. १०० जण गेले. म्हणूनच आम्ही ड्रिलमध्ये मुख्य जिना मुद्दाम अडवतो. दारापाशी 'इथे आग आहे' अशी पाटी धरलेला माणूस उभा करतो. पाटी वाचूनही "जाऊ द्या की, ड्रिलच आहे" म्हणणारे निघतात, आणि दुसरा जिना शोधायला लागल्यावर तिथे जुने सोफे, सायकली आणि रद्दीचे गठ्ठे सापडतात.

बाहेर पडायच्या दाराला कुलूप लावणं याला काहीही समर्थन नाही. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. तिथलं जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. चोरीची भीती असेल तर दाराला अलार्म बसवता येतो. आतून एका धक्क्यात उघडणारा आडवा दांडा, म्हणजे पॅनिक बार, बाहेरून येणाऱ्याला अडवतो आणि आतल्याला सोडतो. घरातही रात्री आतून किल्लीचं कुलूप लावत असाल तर किल्ली दाराशेजारी, मुलाच्या हाताला येईल अशा ठरलेल्या खिळ्यावर असू द्या. खिडक्यांना जाळी असेल तर निदान एका खोलीतली जाळी आतून उघडणारी हवी.

पॅसेजमध्ये किंवा जिन्याखाली ई-बाईक आणि स्कूटरच्या बॅटऱ्या चार्ज करणं हा नवा धोका आहे, आणि आम्हाला त्याची फार काळजी वाटते. लिथियम-आयन बॅटरी बिघडली की काही सेकंदांत तिच्यातून पेटत्या वायूचा झोत सुटतो, दाट विषारी धूर निघतो आणि विझल्यासारखी दिसून ती पुन्हा पेटते. तीच बॅटरी बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर असेल तर वरचे सगळे अडकले. रात्री झोपताना तर ती चार्जिंगला लावूच नये.

आग विझवू पाहावी का? आग कचऱ्याच्या लहान डब्याएवढी असेल, धूर डोक्याच्या उंचीपर्यंत उतरलेला नसेल, बाकीचे बाहेर निघालेले असतील आणि दार तुमच्या पाठीशी असेल तरच. पिन ओढायची, नोझल ज्वाळेच्या बुडाशी रोखायचं, दांडा दाबायचा, डावीकडून उजवीकडे फिरवायचं. दोन-तीन मीटरवरून सुरुवात करायची. चार ते सहा किलोचा पावडरचा अग्निशामक १५ सेकंदांच्या आसपास रिकामा होतो, एवढा कमी वेळ मिळतो हे बहुतेकांना माहीत नसतं. बंद खोलीत पावडर मारली की क्षणभर काहीच दिसत नाही, म्हणून दाराची दिशा आधी लक्षात ठेवायची. कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाचं काळं भोंगं उघड्या हाताने धरू नका, थंडीने कातडी सोलवटते. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही. गॅस बंद करायचा, झाकण किंवा ताट बाजूने सरकवून ठेवायचं आणि कढई पूर्ण थंड होईपर्यंत उचलून बघायचं नाही. एक अग्निशामक संपूनही आग उरली तर दुसरा शोधू नका. मागे सरा, दार ओढा, निघा.

स्प्रिंकलर असलेल्या इमारतीत लोक वेगळ्याच गोष्टीला भितात, की एकाने धूर केला तर सगळीकडे पाऊस पडेल. तसं होत नाही. प्रत्येक तोटीत रंगीत काचेची कुपी असते. लाल कुपी ६८ अंशांना फुटते आणि फक्त तीच तोटी चालू होते. धुराने ती फुटत नाही. तिच्यावर कपडे वाळत घालणं किंवा कपाट थेट तिच्याखाली छतापर्यंत नेणं मात्र तिला निकामी करतं.

चालता न येणाऱ्यांचा विचार ज्या दिवशी आग लागेल त्या दिवशी करून चालत नाही. प्रत्येक मजल्यावर कोण व्हीलचेअरवर आहे, कुणाला ऐकू येत नाही, कोण गरोदर आहे, कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालंय, याची यादी मुख्य दाराशी ठेवावी आणि प्रत्येकामागे दोन शेजारी नेमावेत. दोन अशासाठी, की एक नेमका बाहेर गेलेला असतो. इव्हॅक्युएशन चेअर असेल तर ती पट्ट्यांवर घसरत एका माणसाच्या हाताने उतरते, पण ती उघडून बसवायचा सराव आधी झालेला हवा. ती नसेल तर त्या व्यक्तीला बंद दाराआड, जिन्यालगतच्या सुरक्षित जागेत किंवा रेफ्युज एरियात (आगीच्या वेळी थांबायला राखून ठेवलेल्या जागेत) ठेवून, सोबत एकाने थांबून, खाली जाणाऱ्याने मजला आणि जागा जवानांना नेमकी सांगायची. गर्दी उतरून गेल्यावर उचलून न्यायचं. गर्दीच्या मध्ये व्हीलचेअर उचलली की सगळेच पडतात.

इमारत सोडायचीच का, हा प्रश्नही विचारून ठेवलेला बरा. काही निवासी इमारतींची योजना अशी असते की आग दुसऱ्या घरात असेल तर आपल्या घरात दार बंद करून थांबावं. प्रत्येक घर आगीला ठरावीक वेळ रोखेल हे त्यात गृहीत धरलेलं असतं. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये हे गृहीतक कोसळलं. चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजपासून लागलेली आग बाहेरच्या ज्वलनशील आवरणावरून वर चढली आणि घरात थांबा हा सल्ला दीड तासाहून अधिक वेळ बदलला गेला नाही. ७२ माणसं गेली. आपल्या इमारतीची योजना कोणती ते विचारा. पण थांबायची योजना असली तरी घरात धूर यायला लागला, खिडकीबाहेर ज्वाळा दिसल्या किंवा उतरायला सांगितलं गेलं, तर जिना मोकळा असेपर्यंत निघा.

निघणं शक्यच नसेल तेव्हाचा क्रम चुकवू नका. आधी दार, मग खिडकी. रस्त्याच्या बाजूची, शक्यतो पाण्याचा नळ जवळ असलेली खोली निवडा. दार लावून खालच्या फटीत ओले टॉवेल, चादरी घट्ट कोंबा. हातात चिकटपट्टी असेल तर बाजूच्या फटीही बंद करा, एसीच्या आणि एक्झॉस्टच्या तोंडावर ओलं कापड लावा. हे न करता आधी खिडकी उघडली तर हवेचा ओढा पॅसेजमधला धूर दाराच्या फटींतून खोलीत खेचतो. दार बुजवल्यावर खिडकी थोडी उघडा. बाहेरून धूर आत येतोय असं दिसलं तर लगेच बंद करा. म्हणूनच काच फोडू नका, फोडलेली काच परत लावता येत नाही आणि खाली जवानांच्या अंगावर पडते. रंगीत चादर खिडकीबाहेर सोडा, रात्री टॉर्च हलवा. उडी मारू नका, चादरींच्या गाठी मारून लोंबकळू नका.

अग्निशमन दलाला फोन लागला की आधी पत्ता सांगा. त्यानंतर ओळखीची खूण, मजला, घराचा क्रमांक, इमारतीच्या कोणत्या बाजूची खोली, आत किती जण आहेत आणि काय जळतंय. "लवकर या" यात काहीच माहिती नसते. "सातवा मजला, ७०३, मागची बाजू, तिघे आहोत, दार बंद केलंय, आत अजून धूर नाही" एवढ्यावर जवान नेमके येऊ शकतात. समोरचा ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. दुसऱ्या कुणीतरी फोन केला असेल असं समजू नका, दहा जणांनी केला तरी चालतो.

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नका. खाली पडा, चेहरा हातांनी झाका, लोळा. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं वाहतं थंड पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही नको. अंगठ्या, बांगड्या सूज यायच्या आत काढा, चिकटलेलं कापड ओढू नका.

खाली आल्यावर फाटकात घुटमळायचं नाही. बंबाला वळायला आणि शिडी टेकवायला जागा लागते, वरून काचाही पडतात. ठरलेल्या जागी मजल्यानुसार उभं राहून गणती करायची. घरचा माणूस दिसला नाही तर आत परत जायचं नाही. जवानांना नाव, मजला आणि शेवटचं कुठे पाहिलं ते सांगायचं. गणतीत सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो परस्पर घरी निघून गेलेल्यांमुळे. जवान त्यांना धुरात शोधत बसतात.

आग विझली म्हणजे आत जायची परवानगी मिळाली असं नसतं. राखेखाली धग उरते, कोंडलेला कार्बन मोनॉक्साइड तासन्‌तास राहतो, भिजलेल्या बोर्डात वीज येऊ शकते. दलाचा अधिकारी सांगेल तेव्हाच आत जा, आणि मीटर तज्ज्ञाने तपासल्याशिवाय मेन स्विच वर करू नका. धुरात काही मिनिटं जरी काढली असतील तरी डॉक्टरांकडे जा. आवाज बसणं, नाकात काजळी, काळी थुंकी, डोकेदुखी, मळमळ यांतलं काहीही असलं तर थेट हॉस्पिटल. श्वासनलिकेची सूज काही तासांनी वाढते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसले म्हणून घरी थांबू नका. ते यंत्र ऑक्सिजन धरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. हॉस्पिटलात पोचल्यावर "आगीच्या धुरात होतो" हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे ते ऑक्सिजन सुरू करून रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची वेगळी तपासणी करतील.